देवाचं प्रतिरूप आणि आपली सतरंजी

तळोद्याहून बोलतेय. गेल्या वेळी आपण कर्जाच्या परतफेडीबद्दल बोललो होतो. आज पैशाचा विषय थोडा बाजूला ठेवू आणि इतिहासातल्या एका कल्पनेबद्दल बोलू. पण सुरुवात मात्र बचत गटापासूनच करते, कारण या कल्पनेशी माझी खरी गाठ तिथेच पडली.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात आमचा दहा बायांचा गट आहे. गावाचं आणि बायांची नावं मी सांगणार नाही, ते तुम्ही समजून घ्याल. एका पावसाळ्यात त्या गावात एका लहान मुलाला ताप आला आणि तो काही उतरेना. घरच्यांनी भगताला बोलावलं. भगताने दाणे पाहिले आणि एका घराकडे बोट दाखवलं. त्या घरात साठीची एक विधवा मावशी एकटी राहते. ती आमच्या गटाची पहिल्यापासूनची सभासद. त्या दिवसापासून गावात तिचं नाव कुणी घेईना. 'ती' एवढंच म्हणायचे, आणि हळू आवाजात दुसरा शब्द वापरायचे, डाकीण.

पुढच्या बैठकीला सगळ्या बाया नेहमीसारख्या सतरंजीवर गोल करून बसल्या. मावशी आली आणि ओट्याच्या खांबाला टेकून लांब बसली. तिने बचतीचे २० रुपये जमिनीवर ठेवले. दुसरीने ते पदराने उचलून पेटीत टाकले. आणि मी काय केलं? मी वहीत २० रुपये लिहिले, हजेरीची खूण केली आणि बैठक पुढे चालवली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तसंच केलं. गट फुटू नये, बँकेत गेलेली कर्जाची फाइल अडकू नये, असं मी स्वतःला समजावत होते. हिशेब बरोबर होता. फक्त एक माणूस हिशेबाबाहेर गेलं होतं.

त्याच दिवसांत नंदुरबारला प्रशिक्षण होतं. नवापूरकडची एक ताई माझ्याबरोबर होती. नवापूर भागात ख्रिस्ती कुटुंबं बरीच आहेत आणि चिंचपाड्याचा मिशनचा दवाखाना तर आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ही ताईसुद्धा ख्रिस्ती. जेवताना मी तिला मावशीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आमच्यात म्हणतात की देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं. मग वाळीत कोणाला टाकायचं?" एवढंच बोलून ती ताट घासायला गेली. मला मात्र तो शब्द सोडेना. बीएला माझा इतिहास होता. मी पुन्हा पुस्तकं काढली. त्यात जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवते. कुणी धर्म बदलावा म्हणून मी हे सांगत नाही. ज्याचा देव त्याच्यापाशी. पण माणसाला माणूस केव्हा म्हणायचं, हा प्रश्न सगळ्यांचा आहे.

ही कल्पना मुळात ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात आली. तोच ग्रंथ पुढे ख्रिस्ती बायबलचा पहिला भाग झाला. जगाच्या निर्मितीच्या गोष्टीत तिथे सांगितलं आहे की देवाने माणसाला स्वतःच्या प्रतिरूपात घडवलं, आणि पुरुष व स्त्री दोघांनाही घडवलं. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी आजूबाजूला काय होतं ते पाहा. इजिप्तमध्ये राजाला देवाची प्रतिमा म्हणत. तुतनखामुन या राजाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पोरवयातच तो सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वी गादीवर बसला. त्याच्या नावाचा अर्थच 'आमून देवाची जिवंत प्रतिमा' असा आहे. म्हणजे प्रतिमा कोण? राजा. शेतात राबणारा नाही, दळणारी नाही, गुलाम तर नाहीच. या ग्रंथाने राजाचा तो मान उचलला आणि सगळ्या माणसांना देऊन टाकला. त्यात बाईचाही वेगळा उल्लेख केला.

प्रतिरूप म्हणजे देवाला आपल्यासारखं नाक-डोळे आहेत असं नव्हे. त्याचा अर्थ काय यावर त्यांच्या धर्मपंडितांनी शेकडो वर्षं वाद घातला. कुणी म्हणालं विचार करण्याची शक्ती, कुणी म्हणालं प्रेम करण्याची शक्ती, कुणी म्हणालं पृथ्वीची काळजी घेण्याची जबाबदारी. मला समजलेला साधा अर्थ असा: माणसाची किंमत त्याला गावाने दिलेली नाही, म्हणून गावाला ती काढूनही घेता येत नाही.

आता तुम्ही विचाराल, ज्यांच्या ग्रंथात हे लिहिलं होतं, ते तसे वागले का? खरं सांगायचं तर पुष्कळदा नाही वागले. आणि हे मी का सांगते ते ऐका. युरोपात पंधराव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत चेटकीण ठरवून माणसं मारली गेली. इतिहासकारांचा अंदाज ४० ते ५० हजार इतका आहे आणि त्यात बहुतेक बाया होत्या. पीक बुडालं, गाय आटली, मूल आजारी पडलं की एखादीकडे बोट जायचं. बहुधा गरीब, वयस्क, एकटी. ओळखीचं वाटतं ना? मारणारे सगळे ख्रिस्तीच होते. न्यायाधीश ख्रिस्ती, साक्षीदार ख्रिस्ती, गर्दी ख्रिस्ती. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला आहे हे त्या सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं होतं.

स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस या भागात आना ग्योल्डी नावाची मोलकरीण होती. ज्या घरी ती कामाला होती त्या घरची मुलगी आजारी पडली. आनाने दुधात टाचण्या घातल्या, मुलीवर करणी केली, असा आरोप झाला. १७८२ मध्ये तिचं डोकं उडवण्यात आलं. २००८ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ती निर्दोष असल्याचं जाहीर केलं. म्हणजे २२६ वर्षांनी. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या ओट्याचा तो खांब आला.

त्याच युरोपात याविरुद्ध बोलणारेही निघाले. जर्मनीत फ्रीडरिख श्पे नावाचे एक पाद्री होते. त्यांनी १६३१ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की छळ केला तर कुणीही काहीही कबूल करेल, त्यामुळे अशा कबुलीला काही अर्थ नाही. त्याआधी शंभरेक वर्षांपूर्वी स्पेनचे लोक अमेरिकेत गेले होते. तिथल्या मूळ रहिवाशांना त्यांनी गुलाम केलं. ही खरी माणसं आहेत का, यावरच वाद सुरू झाला. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी फर्मान काढलं की ही खरी माणसं आहेत, त्यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावून घेऊ नये. जुलूम त्यानंतरही थांबला नाही. पण आपण जंगलातले, डोंगरातले लोक. आपण माणूस आहोत की नाही याचा निर्णय परक्यांच्या सभेत व्हावा, यातला अपमान आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. चांगली कल्पना पुस्तकात असणं वेगळं आणि ती बसण्या-उठण्यात उतरणं वेगळं. ती उतरवून दाखवणारी एक बाई आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतला. आईने रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थयात्रा करत फिरायचं. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण काही काळात गेले. उरलेले भाऊ-बहीण पायी फिरत १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचले. तिथल्या विद्वान पुरुषांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी वारले. तेव्हा रमाबाई अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. त्या पुण्याला आल्या आणि त्याच वर्षी आर्य महिला समाज काढला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनजवळ फुलहॅम इथे काही जोगिणी समाजाने टाकून दिलेल्या बायांसाठी घर चालवत होत्या. 'वाईट चालीची' म्हणून ज्यांच्याकडे कुणी बघत नसे, त्या बायांची त्या मायेने काळजी घेत होत्या. हे का करता, असं रमाबाईंनी विचारलं. तेव्हा त्यांना येशू आणि विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई यांची गोष्ट सांगण्यात आली. ज्या जमातीच्या हातचं पाणी इतर लोक पीत नसत, त्या जमातीच्या बाईकडे येशू पाणी मागतो, अशी ती गोष्ट आहे. रमाबाईंच्या मनावर तिचा मोठा परिणाम झाला असं त्यांनीच नंतर लिहिलं. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात खूप टीका झाली. त्या वेळी जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' काढून त्यांची बाजू घेतली. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. पण पुण्यात ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते आणि सगळी माणसं एकाच निर्मात्याची लेकरं आहेत हा विचार त्यांनी आपल्या पद्धतीने मांडला. त्या निर्मात्याला ते 'निर्मिक' म्हणत. निर्मिकाने स्त्री आणि पुरुष दोघांना सारखे हक्क दिले, ही त्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म' या शेवटच्या पुस्तकाची मुख्य शिकवण.

रमाबाईंची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि शिकवत होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विचार पुढे आला. तर बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही! ज्या बाईला कोलकात्याच्या पंडितांनी मान दिला होता तिला हे सांगितलं गेलं. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. धर्म मी माझ्या बुद्धीने स्वीकारला आहे, माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हाती दिलेली नाही, अशा अर्थाची पत्रं त्यांनी आपल्या वडीलधाऱ्या जोगिणीला लिहिली. म्हणजे पहा, नव्या धर्मात जाऊनही त्यांनी त्या धर्माच्या पुढाऱ्यांना त्यांच्याच शिकवणीची आठवण करून दिली. बाईसुद्धा देवाचं प्रतिरूप असेल तर तिच्या बुद्धीला कुंपण घालणारे तुम्ही कोण?

मग त्या भारतात परत आल्या. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. तिथे मुलींना ख्रिस्ती करतात यावरून १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पुढे पुण्याजवळ केडगावला त्यांनी जमीन घेऊन 'मुक्ती' उभी केली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात घरदार गमावलेली ही बाई होती, हे विसरू नका. १८९९-१९०० चा दुष्काळ तर आणखी भयंकर. शेजारच्या गुजरातेत त्याला अजून छप्पनियो म्हणतात. त्या वेळी मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

तिथे कोण होतं? दुष्काळातल्या अनाथ मुली, विधवा, म्हाताऱ्या, अंध मुली आणि ज्यांना कुणी घरात घेत नव्हतं अशा बायकांसाठी कृपासदन. पण त्यांना नुसतं जेवू घालून बसवून ठेवलं नाही. शेती, गाई-म्हशी, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकांनी चालवलं. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. आपण आज उपजीविका प्रशिक्षण म्हणतो ना, ते तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी चाललं होतं. आणि ज्या पुस्तकातून ही प्रतिरूपाची कल्पना आली, ते बायबल साध्या बाईला वाचून समजावं म्हणून रमाबाईंनी स्वतः मराठीत नव्याने आणलं. आधीच्या भाषांतराची भाषा त्यांना अवघड वाटत होती. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीतल्या बायकांनी खिळे जुळवले, पानं छापली. १९२१ मध्ये मनोरमा वारली. त्या दुःखातही काम चालू राहिलं. भाषांतर हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

केडगाव आपल्याला लांब वाटेल, तर आपल्या तळोदा तालुक्यात या. मोरवड-रंजनपूरचे संत गुलाम महाराज. त्यांचा आणि ख्रिस्ती धर्माचा संबंध नाही. पण १९३० नंतरच्या त्या दिवसांत आदिवासी माणसाला सावकार, दुकानदार, साहेब अरे-तुरेच करत. अशा वेळी त्यांनी लोकांना आरतीला एकत्र जमवलं, दारू सोडायला सांगितलं, आणि एकमेकांना भेटल्यावर 'आप की जय' म्हणायला शिकवलं. १९३८ मध्ये ते वारले, पुढे त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम चालवलं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजही 'आप की जय' म्हणतात. मला त्यात हेच ऐकू येतं. समोरचा माणूस कुणीही असो, त्याच्यात जय म्हणावं असं काहीतरी आहे.

आता आपला कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी अनेक वर्षं काम केलं तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये महाराष्ट्रात झाला. कुणावर करणी केल्याचा, चेटूक केल्याचा ठपका ठेवून तिचं जगणं अवघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड होऊ शकतो. या कायद्याच्या लांबलचक नावात 'अमानुष' असा शब्द आहे. माणसाला न शोभणारं. म्हणजे कायदासुद्धा शेवटी तेच विचारतो की माणूस म्हणून वागलात का?

मावशीचं पुढे काय झालं ते सांगते. तिसऱ्या बैठकीला मी तासभर लवकर गेले, थेट मावशीच्या घरी. तिने कोरा चहा केला, तो प्यायले. आम्ही दोघी चालत ओट्यावर गेलो आणि मी तिला माझ्या शेजारी सतरंजीवर बसवलं. दोन बाया उठून लांब बसल्या. एक म्हणाली, "ताई, तुमचं काय जातं, तुम्ही संध्याकाळी तळोद्याला निघून जाल." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी निघून जाते, राहायचं त्यांना असतं. म्हणून मी भाषण केलं नाही. एवढंच म्हणाले की बचत सगळ्यांच्या हाताची एकाच पेटीत जाते, तर बसणंही एकाच सतरंजीवर होईल. नाहीतर मी वही उघडणार नाही.

त्या मुलाला नंतर सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, मलेरिया निघाला, गोळ्यांनी बरा झाला. तुम्हाला वाटेल, मग मिटलं. नाही मिटलं. बोट एकदा उठलं की लवकर खाली येत नाही. मुलाची आजी अजून मावशीच्या हातचं पाणी घेत नाही. पण लांब बसलेल्या दोघींपैकी एक परत आली. ग्रामसंघाच्या बैठकीत पोलीस पाटलांना बोलावून कायदा वाचून घेतला. गेल्या महिन्यात मावशीने शेळीसाठी ५ हजारांचं कर्ज मागितलं, तेव्हा ठराव लिहिताना एका बाईने तिचं पूर्ण नाव मोठ्याने सांगितलं. कितीतरी दिवसांनी त्या ओट्यावर तिचं नाव ऐकू आलं. मावशी काही बोलली नाही. पदर सारखा केला आणि सहीसाठी हात पुढे केला.

त्या दोन आठवड्यांत मी गप्प बसले, याचं मला अजून वाईट वाटतं. ग्लारुसच्या त्या गावातही माझ्यासारख्या हिशेब नीट ठेवणाऱ्या बाया असतील.

तर मैत्रिणींनो, एवढीच विनंती. या आठवड्यात तुमच्या गटाची बैठक होईल तेव्हा वही उघडण्याआधी एकदा नजर फिरवा. सतरंजीच्या बाहेर कोण बसलंय? कुणाचे पैसे हातात न घेता जमिनीवरून उचलले जातात? कुणाचं नाव कुणी घेत नाही? तिला नावाने हाक मारा आणि जवळ बसवा. तुम्ही देव कोणत्याही नावाने घ्या, मोगी माता म्हणा, विठोबा म्हणा, येशू म्हणा, अल्ला म्हणा. पण तिच्याकडे पाठ फिरवून त्याच्यापुढे हात जोडता येतील का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. आप की जय.